तेविसाव्या धड्यातले उदाहरण

चैत्र सरत आला की दुपारी तीनच्या सुमारास आमच्या मागच्या अंगणात धूर येतो. लगेच घरातून हाक येते, "अहो, वाळवण आत घ्या. कोणी तरी राब भाजतंय." मी पापडांची चादर चारी कोपरे धरून उचलतो आणि माजघरात नेऊन ठेवतो. हे काम माझे. पापड किती तेही मला ठाऊक असते, कारण सकाळी पसरताना ते मी मोजलेले असतात. पापड धुरातून सुटतात. मी काही सुटत नाही.

ज्यांनी आमच्याकडची भातशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचे रोप ज्या तुकड्यात वाढवायचे, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळे, त्यावर पाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक मातीचा एक थर. वारा ज्या अंगाला वाहत असेल त्या अंगाने पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. हा राब. ज्याचा राब चांगला भाजला त्याचे रोप दाट आणि काळसर हिरवे उठते. ज्याचा भाजला नाही त्याचे पिवळे पडते, आणि आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, निम्म्या खाचरालाही पुरत नाही. टहाळे माघात तोडावे लागतात. माघ चुकला की ते वर्ष चुकले.

हे सगळे मला कशेळ्याच्या वरच्या ठाकरांच्या वाडीत शिकायला मिळाले. मी तिथे शिकवायला गेलो होतो. त्याला आता अकरा वर्षे झाली.

वाडीवर चोवीस घरे होती आणि शाळेच्या पटावर सत्तावीस मुले. शाळा म्हणजे कुडाच्या तीन भिंती आणि एक उघडी बाजू. मी कशेळ्यात बिऱ्हाड केले होते. रोज सकाळी चढून जायचे, दुपारी उतरायचे. पाठ्यपुस्तकातले पहिले उदाहरण मी फळ्यावर लिहिले ते अजून आठवते. एका गृहस्थाने बारा खुर्च्या विकत घेतल्या, त्यांतल्या पाच मोडल्या, तर किती उरल्या? मग बुधी नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी उठली.

"मास्तर, बारा मानसं बसून ऱ्हातात तर त्यांच्याकडं कामाला कोन जातं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी परत जाताना उतारावर मला त्या प्रश्नाने सोडले नाही. पुस्तक चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेले होते.

त्याच सुमारास वरून, बोर्डाकडून एक पत्रक आले. डोंगरी वाड्यांच्या शाळांसाठी एखाद्या शिक्षकाने अभ्यासक्रमाची वेगळी आखणी करून तीन प्रतींत पाठवली तर तिचा विचार होईल, असे त्यात होते. मंजूर झाली तर वाडीची शाळा कायम होणार होती. नाही तर ती दर वर्षी नव्याने तगायची. मी ते पत्रक दोनदा वाचले आणि कागद आणायला सांगितले.

तेवढे सुखाचे दिवस माझ्या नोकरीत दुसरे आले नाहीत. वर्षाचे आठवडे बावन्न. त्यांतून आवणीचे सहा गेले, गौरीगणपतीचा एक, कापणीचे पाच, झोडणीचे तीन, शिमग्याचा एक. उरले छत्तीस. म्हणून छत्तीस धडे. प्रत्येक धड्याला एक पाठकोरा कागद: डाव्या बाजूला त्या आठवड्यात वाडी काय करते ते, मध्ये गणित, उजवीकडे वाचन. आधी मी बेरीज, वजाबाकी असे क्रमाने लावले होते. मग ध्यानात आले की वाडीत मोजण्याजोगी वस्तू ज्या आठवड्यात हाती येते, त्या आठवड्यात ते गणित आले पाहिजे. पायलीची मापे भात खळ्यावर असताना. भागाकार मध काढला की, कारण मध कसा वाटायचा यावरून तिथे खरोखरीची भांडणे होतात. कोणता धडा आधी आणि कोणता मागाहून, हे मी जेवताना बोटांवर मोजत बसे. वरणभात निवून जाई.

भूगोलाचा पहिला धडा वाडीच्या नकाशाचा. शाळा, झरा, देवाचे झाड, पायवाटा, आणि राबाचे टहाळे जिथून आणतात ते तीन उतार.

एक नियम मी घालून घेतला होता. उदाहरणातला आकडा खरा पाहिजे. मुलाने घरी जाऊन विचारले तर बापाने "होय, इतकेच" म्हटले पाहिजे. खोट्या आकड्यांवर गणित शिकलेल्या मुलाला गणित म्हणजे मास्तरांची थाप वाटते, असे माझे मत होते. आजही आहे.

म्हणून मी गोमाला धरले. गोमा हा बुधीचा आजा आणि वाडीचा जाणता. वाडीत कोणाचे काही अडले की त्याच्या ओट्यावर जात. तो मला सगळीकडे घेऊन फिरला. पावसाळा उतरल्यापासून पौषापर्यंत मी त्याच्यामागून चाललो, वही काखेत आणि शिसपेन्सिल कानावर. कोणते कंद कधी, शिकेकाई कुठे, कोणाच्या घरचे किती जण टहाळ्यांना जातात, किती दिवस जातात, रोज किती भारे आणतात. तो सांगे, मी लिही.

"लिवताय कशापायी?" एकदा त्याने विचारले. "आमच्या पोरांना ठावं हाय समदं."

"बोर्डाला ठाऊक नाही ना, गोमा."

"मंग बोर्डाला धाडा वाडीत. चार भारे आनू द्या, कळल."

टहाळे तोडायची त्यांची एक रीत होती. झाडाचा शेंडा ठेवायचा. एका झाडाला लागोपाठ दोन वर्षे कोयता लावायचा नाही. सागाला हात लावायचा नाही. ते रान कागदावर एका लांबच्या इनामदाराचे होते, पण त्याला तिथे कोणी कधी पाहिले नव्हते. पिढ्यान्पिढ्या वाडी तिथून टहाळे आणत होती, आणि तसे कुठे लिहिलेले नव्हते. परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणीही न लिहिलेली अशी ती गोष्ट होती. मी ती लिहिली.

झोडणीच्या दिवसांत एकदा बुधीने खळ्यावर पायलीने भात मापून दाखवले. पहिली पायली टाकताना ती म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन. मी म्हटले, "एक म्हण, बुधी. गणितात एकच म्हणायचं."

"एक म्हनलं का सरतं, मास्तर."

"सरत नाही. पुन्हा म्हण."

तिने आजाकडे पाहिले. गोमाने मान हलवली. मग ती बारीक आवाजात "एक" म्हणाली. मी वहीत टिपून घेतले: मुलगी एक म्हणू लागली.

आता वासुदेवाबद्दल सांगायला हवे. ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. तो मूळचा चौकचा. पुढे तिकडेच मास्तर झाला. अक्षर असे की शिक्षकही त्याचा पेपर इतरांना दाखवत. माझे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे. तीन प्रती करायच्या आहेत असे मी त्याला पत्राने कळवले, तर तो पुढच्याच रविवारी दाराशी उभा. हातात स्वतःची दौत.

"तुझ्या अक्षरात गेली तर कोणी वाचणार नाही," तो म्हणाला. "ताप आल्यासारखं वाटेल त्यांना."

तीन रविवार तो आला. ओसरीवर आम्ही समोरासमोर बसायचो. मी वाचायचो, तो उतरवायचा. मध्येच तो थांबून विचारी. हा दुसरा उतार म्हणजे झऱ्याच्या वरचा की खालचा? माघाचा तिसरा आठवडा म्हणजे पौर्णिमेच्या आधी की नंतर? मला धन्य वाटे. माझ्या कामाची इतकी बारीक चौकशी आजवर कोणी केली नव्हती. नकाशा मी त्याला दोनदा काढून दाखवला.

तिसऱ्या रविवारी तो गेल्यावर घरातून म्हणणे आले, "भावोजी मास्तर आहेत ना?"

"म्हणजे काय?"

"नाही, मुलं कशी शिकतील हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. वाट कुठून जाते तेवढंच विचारतात."

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात पुष्कळदा बोललो असेन. त्या दिवशीचे तेवढे मोजलेले आहे.

तेविसावा धडा माघाच्या तिसऱ्या आठवड्याचा. गुणाकार. उदाहरण असे: "गोमाच्या घरची चार माणसे झऱ्यावरच्या उतारावरून रोज माणशी दोन भारे टहाळे आणतात. पाच दिवसांत किती भारे होतील?" उत्तर चाळीस. त्याखाली आणखी पाच घरांची पाच उदाहरणे, प्रत्येकाचा उतार वेगळा, माणसे वेगळी, आकडे खरे.

माघाच्या त्या आठवड्यात मंगळवारी मी वाडीवर चढलो तर शाळेत एकही मूल नव्हते. बायका ओट्यांवर बसून होत्या. कोणी मला "या" म्हणाले नाही. शेवटी बुधीच्या आईने सांगितले. इनामदाराने रान मुंबईच्या कोणा मक्तेदाराला कोळशासाठी दिले होते. त्याची माणसे पहाटेपासून तिन्ही उतारांवर दबा धरून होती. वाडीची माणसे वर पोचली तशी त्यांनी घेरली. अकरा कोयते काढून घेतले आणि गोमाला खाली तंबूवर नेले.

"तिन्ही उतारांवर?" मी विचारले.

"तिन्ही. नेमकं आजच. कोनी सांगितलं आसल त्यांना?" ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या बोलण्यात संशय नव्हता. मी शिकलेला होतो, मला कळेल असे तिला वाटत होते.

मी तसाच उतरलो. तंबू कशेळ्याच्या रस्त्याला लागून होता. बाहेर अकरा कोयते ओळीने मांडलेले, शेजारी गोमा उकिडवा. आत मेज, मेजामागे मक्तेदार, आणि त्याच्या उजव्या हाताला, गळाबंद कोट घातलेला, वासुदेव.

मी समजलो की तोही माझ्यासारखाच वाडीची रदबदली करायला आला आहे. हे लिहायला लाज वाटते, पण तसेच झाले. मला हायसे वाटले. मी म्हणालोसुद्धा, "बरं झालं, तू आलास."

मग मेजावरचे कागद दिसले. माझे छत्तीस धडे, वासुदेवाच्या अक्षरात. मोत्यांसारख्या ओळी. नकाशा वर काढून ठेवलेला. तेविसाव्या धड्यावर तांबड्या पेन्सिलीच्या सहा खुणा.

प्रती तीन करायच्या होत्या. त्याने चार केल्या होत्या.

"वासुदेवा, हे काय?"

"नवी नोकरी," तो खाली पाहत म्हणाला. मग वर पाहून, "मी एक अक्षर बदललेलं नाही. तू दिलंस तसंच आहे."

मक्तेदार सभ्य माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, "मास्तर, हा म्हातारा सांगतो की आज पहिल्यांदाच आलो, वाट चुकून आलो. तसं असेल तर कोयते देऊन टाकतो, मला भांडण नको. पण दर वर्षी असंच चालत असेल तर मला बंदोबस्त करावा लागेल. आता तुम्हीच सांगा. हे आकडे खरे, की पोरांसाठी रचलेले?"

गोमा उठून तंबूच्या तोंडाशी आला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. खळ्यावर बुधीने त्याच्याकडे पाहिले होते, तसे.

"साहेब," वासुदेव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचा अभिमान होता, "ह्यानं उभ्या जन्मात खोटा आकडा लिहिलेला नाही."

मी म्हणालो, "खरे आहेत."

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एवढेच कळते की मला विचार करायला वेळ लागलाच नाही. आकडा खरा का म्हणून कोणी विचारले की माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडते. खोटे बोलायचा सराव नव्हता, आणि जिथे तो उपयोगी पडला असता अशी जागा आयुष्यात एकदाच आली.

कोयते ज्येष्ठात परत मिळाले.

तंबूवरून गोमा आणि मी बरोबर निघालो. वाडीच्या वाटेवर ओढा लागतो. ओढ्यात पाय घालून तो थांबला.

"मास्तर, तुमी खोटं बोलला आसता, तर त्येचं पाप मी घेतलं आसतं."

मला वाटले तो आणखी काही म्हणेल. तो पाणी ओलांडून वर गेला. मी अलीकडेच राहिलो.

त्या चैत्रात खालच्या सगळ्या गावांवर धूर होता. मी कशेळ्याच्या घरासमोर उभा राहून रोज वर पाहायचो. वाडीच्या उतारावर दोनच धूर दिसले, तेही पातळ, नुसत्या पाचोळ्याचे. चोवीस घरांत दोन. आषाढात मी वर गेलो तेव्हा रोप वीतभरही नव्हते. त्याचा रंग मी सांगत नाही. पाच-सहा घरे आवणीच्या आधीच कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली, मुलांसकट, त्याच मक्तेदाराकडे. पटावरची सत्तावीस नावे मी रोज वाचायचो. नावामागून नाव वाचत जायचो आणि मधूनच कुठे तरी हजर म्हणणारे एखादे निघे. कधी निघतही नसे. बुधी एकदा आली, पाटी परत देऊन गेली. पाटी शाळेची होती.

भाद्रपदात दोन लखोटे एकाच टपालाने आले. एकात लिहिले होते की आपण पाठवलेली आखणी पाहिली. ती व्यवस्थित आणि स्थानिक माहितीने परिपूर्ण आहे. दुसऱ्यात, हजेरीअभावी शाळा बंद करण्यात येत असून आपली बदली कर्जतला झाली आहे. दोन्हींवर सही एकाच हाताची होती. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली.

वासुदेवाने ते कधी ठरवले, हे मला आजवर कळलेले नाही. पहिल्या रविवारी दौत घेऊन आला तेव्हाच का? की कागद हातात आल्यावर, त्यात काय आहे ते पाहून? मी हा प्रश्न दोन्हीकडून सोडवून पाहतो. पहिले खरे असेल तर माझ्या ओसरीवर तीन रविवार एक परका माणूस जेवला. दुसरे खरे असेल तर त्याला मोह पडावा अशी वस्तू मीच तयार केली, ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली, आणि वाट नीट कळावी म्हणून दोनदा काढूनही दिली. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्ता त्याच्याच हाताचा. अक्षर तसेच आहे. मी ती वाशाला खोचून ठेवली; गेलो नाही, आणि फाडलीही नाही.

लोक म्हणतात दगा पाठीमागून होतो. माझ्या बाबतीत तो समोर बसून झाला, बोरूच्या आवाजासह. त्याने माझ्या शब्दाला धक्का लावला असता, एखादा आकडा वाढवला असता, तर मला ओरडता आले असते. त्याने ती जागाच ठेवली नाही. त्याच्यावर रागावायला बसलो की मध्ये ओढा येतो, आणि पलीकडे गोमाची पाठ. गोमाने मला तीन महिने रान दाखवले होते. त्याच्या बाजूने पाहिले तर दगा देणारा कोण, याचे उत्तर वासुदेव येत नाही. वासुदेवाला तो ओळखतही नव्हता.

परवा कशेळ्याच्या बाजाराला आम्ही दोघे गेलो होतो. शिकेकाई घ्यायची होती. झाडाखाली एक तरुण बाई ढीग मांडून बसली होती, मांडीवर मूल. मापटे उचलताना तिने माझ्याकडे पाहिले आणि पदर सारखा केला. बुधी. गोमा गेल्याचे मला आधीच कळले होते. ती ओळख दाखवीना, मीही बोललो नाही.

"किती देऊ, आई?" तिने आमच्या घरातल्यांना विचारले. म्हणजे माझ्या पत्नीला, मला नाही.

"दे सात-आठ मापटी. वर्षाची लागते."

बुधीने पहिले मापटे भरले, वर शीग लावली आणि पिशवीत ओतताना स्पष्ट, मोठ्याने, मला ऐकू जाईल असे म्हणाली, "लाभ." मग दोन. मग तीन. मूल रडू लागले तसा तिचा आवाज त्यात बुडाला, पण हात चालू राहिला. मी हात पाहत होतो.

घरी निघालो तेव्हा समोर कुठे तरी राब पेटला होता. धूर रस्त्यावर आडवा येत होता. तुरट, ऐनाच्या टहाळ्यांचा. पत्नीने पिशवी हातात तोलून पाहिली.

"सात दिली का हो तिनं, आठ? मुलाच्या रडण्यात माझं लक्ष नव्हतं. तुम्ही मोजली असतील."

नऊ होती. लाभ धरून नऊ.

"नाही," मी म्हणालो. "मी मोजली नाहीत."

ती चालता चालता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. एवढ्या वर्षांत हे मी पहिले खोटे बोललो, आणि त्याची आता कोणालाही गरज नव्हती.